एका भोकातून किती तांबे दिसते? ड्रिलिंगच्या निकालांचा अर्थ लावण्याविषयी एक आढावा

मे २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या सान हुआन प्रांतातून, अँडीज पर्वतात उंचावर असलेल्या फिलो देल सोल या ठिकाणच्या एका बोअरहोलचा निकाल जाहीर झाला. ४१ क्रमांकाच्या या बोअरमध्ये सलग ८५८ मीटर लांबीवर १.८० टक्के ‘तांबे-समतुल्य’ धातू सापडला होता आणि त्यातल्या १६३ मीटरवर हे प्रमाण ५.४३ टक्के होते. आज जगातल्या कितीतरी मोठ्या खाणींतल्या धातुकात तांबे एक टक्कादेखील नसते. त्यामुळे या आकड्यांकडे खाणउद्योगाचे लक्ष गेले नसते तरच नवल. पुढे लुंडिन मायनिंग आणि बीएचपी या खाणकंपन्यांनी मिळून हा साठा शोधणारी कंपनी विकत घेतली. तो व्यवहार जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण झाला.

अशा निकालातून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हा प्रश्न भूवैज्ञानिक, खाण अभियंते, सांख्यिकीतज्ज्ञ, गुंतवणूकदार आणि सरकारी नियामक गेली साठ-सत्तर वर्षे आपापल्या बाजूने सोडवत आहेत. आज त्याला वेगळीच निकड आली आहे. विजेच्या तारा, मोटारी, ट्रान्स्फॉर्मर या सगळ्यांना तांबे लागते, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पाहणीनुसार अलीकडच्या काळात एखादा खनिजसाठा सापडल्यापासून खाण सुरू होईपर्यंत सरासरी सोळा वर्षांहून अधिक काळ गेला आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार ज्ञात साठ्यांत सुमारे २१० कोटी टन तांबे आहे आणि अजून न सापडलेले सुमारे ३५० कोटी टन असावे. हे न सापडलेले तांबे शोधायचे तर ड्रिलिंगला पर्याय नाही. त्यामुळे ड्रिलिंगचा अर्थ लावण्याची पद्धत कुठवर आली आहे, कुठे एकमत आहे आणि कुठे नाही, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

पार्श्वभूमी: तीन धागे

आजची पद्धत तीन वेगवेगळ्या धाग्यांतून विणली गेली आहे.

पहिला धागा भूविज्ञानाचा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सान मॅन्युएल नावाचा तांब्याचा मोठा साठा होता. त्याचा एक भाग भ्रंशामुळे तुटून दूर सरकला असावा, असे डेव्हिड लोवेल या भूवैज्ञानिकाने ताडले. साठ्याभोवतीच्या खडकात उष्ण द्रवांमुळे झालेल्या बदलांचे पट्टे एकाआड एक कसे लागतात, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. त्या आधारावर १९६० च्या दशकात ड्रिलिंग झाले आणि खोलवर कालामाझू हा हरवलेला तुकडा सापडला. लोवेल आणि जॉन गिल्बर्ट यांनी १९७० मध्ये २७ पॉर्फिरी साठ्यांची (ज्यांत तांबे विस्तीर्ण खडकभर विखुरलेले असते) तुलना करून हे पट्टे मांडले: मध्यभागी पोटॅशियमयुक्त खनिजांचा, त्याभोवती बारीक अभ्रक, क्वार्ट्झ आणि पायराइटचा, मग चिकणमातीचा आणि सर्वांत बाहेर हिरव्या क्लोराइट-एपिडोटचा. तांबे अजिबात न लागलेला बोअरसुद्धा तांब्याची दिशा दाखवू शकतो, हे या कामामुळे ठसले. माझ्या मते ड्रिलिंगच्या वाचनातला हा सर्वांत मोठा टप्पा होता.

दुसरा धागा गणिताचा. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत नमुन्यांचा ग्रेड (धातूचे प्रमाण) आणि प्रत्यक्ष खणलेल्या ठोकळ्यांचा ग्रेड नेहमी जुळत नसे. डॅनी क्रिग या अभियंत्याने १९५१ मध्ये यामागचे सांख्यिकी कारण दाखवले. फ्रान्समध्ये जॉर्ज माथरॉन यांनी त्यातून भूसांख्यिकी ही शाखा उभी केली आणि अंदाजाच्या पद्धतीला क्रिगचे नाव दिले. क्रिगिंग आज जवळपास प्रत्येक खाण सॉफ्टवेअरमध्ये असते.

तिसरा धागा नियमनाचा आणि तो फसवणुकीतून आला. ऑस्ट्रेलियात १९६९-७० च्या निकेलच्या सट्ट्यानंतर एक समिती नेमली गेली आणि तिने १९८९ मध्ये जॉर्क ही अहवाल-संहिता आणली. कॅनडात यासाठी ब्रे-एक्सचे प्रकरण घडावे लागले. इंडोनेशियातल्या बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचा त्या कंपनीचा दावा होता. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत आढळले की नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते आणि साठा असा नव्हताच. कोअरचा अर्धा भाग जपून न ठेवता सगळा कोअर चुरून प्रयोगशाळेत पाठवल्यामुळे ती लबाडी इतका काळ लपली. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडात एनआय ४३-१०१ हा नियम लागू झाला. त्यात ‘पात्र व्यक्ती’ची जबाबदारी ठरवली गेली. हे प्रकरण सोन्याचे होते, पण कॅनडात जाहीर होणाऱ्या तांब्याच्या प्रत्येक निकालामागेही आज तोच नियम उभा असतो.

कोअरच्या पेटीपासून आकड्यापर्यंत

वादाकडे वळण्याआधी आकडा कुठून येतो ते जवळून पाहू. डायमंड ड्रिलिंगमध्ये हिऱ्याचे कण जडवलेला पोकळ बिट फिरत खाली जातो आणि खडकाचा लांबट दंडगोल, म्हणजे कोअर, नळीतून वर येतो. एनक्यू या प्रचलित मापाच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर असतो. हा कोअर धुऊन खाचांच्या पेटीत ओळीने मांडतात. प्रत्येक फेरीच्या शेवटी खोली लिहिलेला ठोकळा ठेवतात. तीन मीटरच्या फेरीतून दोन मीटर ४० सेंटिमीटरच कोअर हाती आला, तर उरलेला भाग कुठे तुटला, चुरा होऊन पाण्याबरोबर वाहून गेला का, हे नोंदवावे लागते. तांबे असलेला मऊ, भुसभुशीत भागच वाहून गेला असेल, तर हाती आलेला ग्रेड खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ठिसूळ खडक वाहून जाऊन कठीण, धातूयुक्त शिरा शिल्लक राहिली असेल, तर उलट होते.

मग भूवैज्ञानिक भिंग घेऊन बसतो. पितळेसारखा पिवळा चाल्कोपायराइट, मोरपिशी झाक असलेला बोर्नाइट, काळसर चाल्कोसाइट, हिरवा मॅलेकाइट यांचे अंदाजी प्रमाण, शिरांचा कोन, खडकाचा प्रकार आणि फुटीचे अंतर या साऱ्याची तो नोंद करतो. कोअर करवतीने उभा चिरतात. अर्धा भाग पिशवीत भरून प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो. पिशव्यांच्या रांगेत ग्रेड आधीच माहीत असलेले प्रमाणित नमुने, तांबे नसलेले कोरे नमुने आणि दुबार नमुने मिसळलेले असतात, म्हणजे प्रयोगशाळेची चूक पकडता येते. खडकाची घनताही मोजावी लागते. ती चुकली तर टनांचा सगळा हिशेब चुकतो, तरी घनतेच्या मोजणीकडे अजूनही पुरेसे लक्ष दिले जात नाही.

या साऱ्या काळजीनंतरही मूळ अडचण उरतेच. दर १०० मीटरवर एक बोअर घेतला असे धरू. एका बोअरच्या वाट्याला १० हजार चौरस मीटर क्षेत्र येते. एनक्यू कोअरच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.००१८ चौरस मीटर असते. म्हणजे ज्या खडकाबद्दल आपण बोलतो, त्याचा साधारण ५६ लाखांवा भाग हाती असतो आणि त्यातलाही अर्धाच तपासला जातो. पुढची सगळी चर्चा या गुणोत्तराभोवती फिरते.

‘छेद’ कसा वाचावा

निकालाची घोषणा बहुधा छेदाच्या स्वरूपात येते: इतके मीटर, इतके टक्के. इथे तीन गोष्टी वाचकाची दिशाभूल करू शकतात आणि त्यांतल्या पहिल्या दोहोंवर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे.

पहिली, सरासरीच्या पोटात दडलेली विषमता. समजा घोषणा अशी आहे: २०० मीटरवर ०.५० टक्के तांबे, त्यात २० मीटरवर ३.५ टक्के. एकूण २०० गुणिले ०.५० म्हणजे १०० एकके. त्यांतली ७० एकके त्या २० मीटरमधली. उरलेल्या १८० मीटरना ३० एकके, म्हणजे ०.१७ टक्क्याहूनही कमी तांबे. हा २०० मीटरचा साठा नव्हेच. ही २० मीटरची शिरा आहे आणि तिच्याभोवती जवळपास टाकाऊ खडक आहे. उघड्या खाणीत हा फरक काही प्रमाणात पचतो, भूमिगत खाणीत मुळीच नाही. म्हणून ‘त्यात’ हा शब्द दिसला की आधी उरलेल्या भागाची वजाबाकी करावी.

दुसरी, खरी जाडी. बोअर शिरेला काटकोनात छेदत नसेल तर छेदाची लांबी फुगते. शिरेच्या पातळीशी ३० अंशांच्या कोनात गेलेल्या बोअरमध्ये २० मीटरचा छेद दिसला, तर खरी जाडी १० मीटरच असते. झारखंडमधल्या सिंहभूमच्या शिअर झोनमध्ये तांबे तिरकस उतरणाऱ्या पट्ट्यांत येते. तिथे हा कोन न सांगता दिलेला आकडा निरर्थक ठरतो. पॉर्फिरी साठ्यांत तांबे विस्तीर्ण खडकभर विखुरलेले असल्यामुळे हा दोष कमी जाणवतो. पण तिथेही उभ्या शिरांच्या जाळ्यात उभा बोअर घेतला तर तो एकाच शिरेचा शेकडो मीटर पाठलाग करत राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे समतुल्य आकडे, आणि यावर मात्र अजून वाद आहे. फिलो देल सोलच्या त्या बोअरमध्ये १.८० टक्के ‘समतुल्य’ होते खरे, पण प्रत्यक्ष तांबे ०.८६ टक्के होते. उरलेला भाग दर टनाला सुमारे ०.७० ग्रॅम सोने आणि ४८ ग्रॅम चांदी यांच्या किमतीतून आलेला होता. एका बाजूचे म्हणणे असे की खाण शेवटी सगळे धातू विकते, त्यामुळे एकत्रित आकडाच आर्थिक वास्तवाच्या जवळचा असतो. दुसरी बाजू म्हणते की धातूंचे भाव रोज बदलतात, प्रत्येक धातूची प्राप्ती वेगळी असते, आणि चाचणीआधीच सर्व सोने-चांदी हाती येईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. संहितांनी मधला मार्ग काढला आहे: समतुल्य आकडा द्यायचा तर गृहीत भाव, प्राप्तीचे प्रमाण आणि प्रत्येक धातूचा सुटा ग्रेडही द्यायचा. मला हा तोडगा पटतो, कारण त्यामुळे वाचकाला स्वतःचा हिशेब मांडता येतो. फिलो देल सोलच्या घोषणेत सुटे आकडे दिलेले होते, म्हणूनच वरची फोड करता आली.

आकृती आधी की आकडा आधी

दोन बोअरमध्ये काय आहे, हे कुणीच पाहिलेले नसते. ती पोकळी कशी भरायची यावर दोन विचार आहेत.

भूविज्ञानाला पहिले स्थान देणारे म्हणतात: आधी खडकांची आकृती पक्की करा. भ्रंश कुठे आहेत, कुठला अंतर्वेधी खडक आधीचा आणि कुठला नंतरचा, ऑक्सिडीकरणाची सीमा कुठे आहे, हे ठरवा. मगच प्रत्येक भागात स्वतंत्रपणे ग्रेडचा अंदाज करा. तसे न केल्यास समृद्ध भागातले आकडे शेजारच्या कोरड्या खडकात पसरतात. तांबे येऊन गेल्यानंतर घुसलेला एखादा कोरडा डाइक नकाशात आला नाही, तर संगणक त्यातही तांबे भरून मोकळा होतो.

भूसांख्यिकीच्या बाजूने उत्तर येते: ही आकृती काढणाराही माणूसच असतो. त्याच बोअरमधून दोन भूवैज्ञानिक दोन वेगळ्या आकृत्या काढतात, आणि एकदा रेषा ओढली की तिच्या खात्रीचे मोजमाप कुणी देत नाही. त्यापेक्षा आकड्यांमधले अवकाशीय नाते मोजा आणि शेकडो शक्य प्रतिकृती तयार करून अनिश्चितता उघड दाखवा. क्रिगिंगचा अंदाज मुळातच सपाट होतो, उंच ग्रेड खाली आणि कमी ग्रेड वर सरकतो, हे त्यांनाही मान्य आहे. म्हणून तर अनेक प्रतिकृतींच्या पद्धती पुढे आल्या.

व्यवहारात दोन्ही एकत्र वापरले जातात. पण कुणाचे वजन जास्त, हा प्रश्न सुटलेला नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले, आपल्या गोंदियाच्या शेजारचे मलाजखंड याचे चांगले उदाहरण आहे. हिंदुस्तान कॉपरची ही खाण १९८२ पासून उघड्या पद्धतीने चालली आणि आता भूमिगत कामाकडे वळली आहे. तिथले तांबे सुमारे २५० कोटी वर्षे जुन्या ग्रॅनाइटी खडकातल्या क्वार्ट्झच्या रीफमध्ये, म्हणजे जाड शिरेत, एकवटलेले आहे. काही संशोधक त्याला अतिप्राचीन पॉर्फिरी मानतात, तर काहींना ते भेगांतून वर आलेल्या द्रवांनी बनलेले, वेगळ्या जातीचे निक्षेप वाटतात. ही चर्चा केवळ वर्गीकरणाची नाही. पॉर्फिरी मानले तर रीफच्या बाहेरच्या विखुरलेल्या तांब्याचा शोध घेणे योग्य ठरते. रीफच मुख्य मानली तर पुढचे बोअर तिच्याच खोलीत घ्यावे लागतात. खडकाविषयीचे मत बदलले की पुढच्या बोअरची जागा आणि त्याचा खर्च दोन्ही बदलतात.

कधी थांबायचे

या विषयातली सर्वांत बोलकी उदाहरणे थांबण्याच्या निर्णयाची आहेत.

दक्षिण ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये वेस्टर्न मायनिंग कंपनीने ऑलिंपिक डॅम इथे पहिला बोअर घेतला. सुमारे साडेतीनशे मीटर जाडीच्या निरुपयोगी आवरणाखाली ३८ मीटरवर एक टक्क्याच्या आसपास तांबे लागले. पुढचे काही बोअर निराश करणारे होते. नोव्हेंबर १९७६ मध्ये दहाव्या बोअरने १७० मीटरवर दोन टक्क्यांहून अधिक तांबे दाखवले. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या तांबे-युरेनियम साठ्यांपैकी एक आहे.

मंगोलियातल्या ओयू तोलगोईची गोष्ट उलट आहे. बीएचपीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ड्रिलिंग केले, पृष्ठभागाजवळचा चाल्कोसाइटचा थर पाहिला आणि आपल्या निकषांत बसत नाही म्हणून जागा सोडली. २००० मध्ये आयव्हानो माइन्सने ती घेतली. सुरुवातीला त्यांनीही उथळ थरच तपासला. जुलै २००१ मध्ये १५० क्रमांकाचा बोअर खोल नेला तेव्हा ५०८ मीटरवर ०.८१ टक्के तांबे आणि दर टनाला १.१७ ग्रॅम सोने मिळाले. पुढच्याच वर्षी, भूभौतिक सर्वेक्षणाने सुचवलेल्या उत्तरेकडच्या जागी, नव्या खडकांच्या जाड आवरणाखाली ह्यूगो डमेट हा अधिक समृद्ध भाग सापडला. आधीच्या कंपनीचे निकाल चुकीचे नव्हते. त्यांच्या बोअरनी खालचा भाग पाहिलाच नव्हता.

अशा गोष्टींवरून ‘आणखी एक बोअर घ्या’ असा सल्ला देणारा एक पक्ष आहे. पण ज्यांनी दहावा, विसावा, पन्नासावा बोअर घेतला आणि हाती काही लागले नाही, त्यांच्या कहाण्या कुणी लिहीत नाही, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दाही तितकाच खरा आहे. म्हणून काही जण आधीच लिहून ठेवलेल्या अटींवर थांबण्याचा आग्रह धरतात: कुठली कल्पना तपासायची आहे, कुठल्या निकालाने ती बाद होईल, हे बोअर सुरू होण्याआधी ठरवायचे. मला हा आग्रह योग्य वाटतो, पण एका अटीवर. ‘निकषांत बसत नाही’ आणि ‘साठा नाही’ ही दोन वाक्ये अहवालात वेगवेगळी लिहिलेली असावीत.

टक्केवारीपलीकडे

गेल्या दोन-तीन दशकांत भर बदलला आहे. किती तांबे आहे यापेक्षा ते कुठल्या खनिजात आहे आणि कुठल्या खडकात आहे, याला महत्त्व आले आहे. चाल्कोपायराइटमध्ये सुमारे ३४.६ टक्के तांबे असते, चाल्कोसाइटमध्ये जवळपास ८०. ऑक्साइड आणि चाल्कोसाइट ढिगावर आम्ल सोडून विरघळवता येतात. चाल्कोपायराइट सहसा दाद देत नाही, त्याला दळून तरंगवावे लागते. म्हणून नुसत्या एकूण तांब्याऐवजी आम्लात विरघळणारे, सायनाइडमध्ये विरघळणारे आणि उरलेले असे टप्प्याटप्प्याने पृथक्करण करतात. एकाच ०.६ टक्के आकड्यामागे दोन अगदी वेगळ्या खाणी असू शकतात.

एनार्गाइट असेल तर तांब्याबरोबर आर्सेनिकही येते. चीनमध्ये आयात होणाऱ्या तांब्याच्या सांद्रात (दळून-तरंगवून मिळणाऱ्या भुकटीत) आर्सेनिकची मर्यादा ०.५ टक्के आहे आणि त्याआधीच धातू वितळवणारे कारखाने दंड आकारू लागतात. चिलीतल्या मिनिस्त्रो हालेस खाणीला याच कारणासाठी भट्टीत भाजण्याची वेगळी सोय करावी लागली. म्हणून पहिल्या बोअरपासूनच आर्सेनिकचा आकडा जाहीर केला जावा.

खडकाची ताकद ही बाजू तर अधिकच दुर्लक्षित होती. ओयू तोलगोईच्या भूमिगत खाणीचा खर्च आधी ५३० कोटी डॉलर धरला होता. जुलै २०१९ मध्ये ही खाण चालवणाऱ्या रिओ टिंटोने सांगितले की खडकाच्या स्थैर्याविषयीच्या नव्या माहितीमुळे आराखडा बदलावा लागेल, १६ ते ३० महिने उशीर होईल आणि खर्च १२० ते १९० कोटी डॉलरने वाढेल. तांबे तिथेच होते, ग्रेडही बदलला नव्हता. वरून घेतलेल्या बोअरनी भ्रंशांचे जे चित्र दिले होते, ते खाली उतरून पाहिल्यावर अपुरे ठरले. भूमिगत उत्पादन अखेर मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. ग्रेडसाठी घेतलेला बोअर आणि खडकाच्या ताकदीसाठी घेतलेला बोअर वेगळे असावेत की एकाच कोअरवर दोन्ही नोंदी कराव्यात, यावर अभियंत्यांत अजून मतभेद आहेत. खर्चाचा ताण नेहमी दुसऱ्या बाजूने पडतो.

वर्गवारी आणि भारतातली स्थिती

बोअरच्या दाटीनुसार साठ्याचे अनुमानित, निर्देशित आणि मोजलेले असे वर्ग पाडले जातात. त्यात खाणकाम, प्रक्रिया, बाजार, पर्यावरण, कायदा यांचा विचार झाल्यावरच काही भाग राखीव साठा ठरतो. मात्र किती अंतरावर बोअर घेतले की अनुमानाचे निर्देशन होते, हे कुठल्याही संहितेत आकड्यात लिहिलेले नाही. अनेक सल्लागार एक व्यावहारिक कसोटी वापरतात: वर्षभराच्या उत्पादनाचा अंदाज ९० टक्के खात्रीने १५ टक्क्यांच्या फरकात बसत असेल तर निर्देशित, तीन महिन्यांच्या उत्पादनाचा बसत असेल तर मोजलेला. समर्थकांना ही कसोटी पारदर्शक वाटते. टीकाकार म्हणतात की १५ टक्क्यांचा हिशेबसुद्धा आधी मानलेल्या आकृतीवरच उभा असतो.

भारतात संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीवर आधारलेली वेगळी पद्धत आहे. २०१५ च्या नियमांत शोधकार्याचे जी-४ ते जी-१ असे चार टप्पे आहेत, प्राथमिक पाहणीपासून सखोल शोधापर्यंत. जागतिक संहितांशी जुळणारी भारतीय संहिताही २०१९ मध्ये आली. भारतीय खाण ब्युरोच्या नोंदीनुसार १ एप्रिल २०१५ रोजी देशात १५१ कोटी टनांहून अधिक तांब्याचे धातुक होते आणि त्यात सुमारे १.२२ कोटी टन धातू होता. पण राखीव साठा त्यातला सातवा भागच, सुमारे २१ कोटी टन. हा फरक केवळ निसर्गाचा नाही. पुरेसे ड्रिलिंग आणि पुरेसा आर्थिक अभ्यास न झाल्याचाही तो परिणाम आहे.

हा विषय महाराष्ट्रापासून दूर नाही. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि देशभर ड्रिलिंग करणाऱ्या सरकारी खनिज-शोध महामंडळाचेही तिथेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना परिसरात तांब्याच्या खनिजीकरणाची नोंद आहे. तांबे २०२३ मध्ये देशाच्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत आले, आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने खोल दडलेल्या खनिजांसाठी शोध-परवान्याची सोय केली.

इथेच देशातला सर्वांत महत्त्वाचा अनिर्णीत प्रश्न आहे. २०१५ पासून खनिजपट्टे लिलावाने दिले जातात आणि शोध व खाणकामाच्या संयुक्त परवान्यासाठी थोड्याच ड्रिलिंगवर बोली लावता येते. लिलावाच्या बाजूने पारदर्शकतेचा आणि महसुलाचा युक्तिवाद आहे, आणि तो हलका नाही. विरुद्ध बाजू म्हणते की तुरळक बोअरच्या आधारे जास्त बोली लावणारा एकतर जुगार खेळतो किंवा पट्टा अडकवून ठेवतो, आणि खरा शोध घेणाऱ्या छोट्या कंपन्या त्यात उतरतच नाहीत. नव्या शोध-परवान्यात शोध घेणाऱ्याला पुढच्या खाणीच्या अधिमूल्यातला वाटा मिळतो. त्याने चित्र पालटेल का, हे ठरायला अजून अवधी लागेल.

नवी साधने, जुने प्रश्न

कोअरच्या पेटीवरून कॅमेरा फिरवून डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगलांबीत खनिजे ओळखणारी यंत्रे आता अनेक ठिकाणी आहेत. नोंदणीतला माणसागणिक बदलणारा भाग त्यांनी खरोखर कमी केला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत मात्र दावे पुराव्याच्या पुढे धावतात. झांबियातल्या मिंगोम्बाचा उल्लेख नेहमी केला जातो. कोबोल्ड मेटल्स ही कंपनी तिथे संगणकीय पद्धती वापरून ड्रिलिंग करते आहे. पण तिथे तांबे आहे हे आधीच्या ड्रिलिंगमधून ठाऊक होते. नव्या पद्धतींनी बोअरच्या जागा अधिक नेमक्या निवडल्या की नाही, हे त्यांच्या निवडलेल्या आणि टाळलेल्या जागांची नोंद खुली झाल्यावरच पारखता येईल. त्याहून मूलभूत अडचण अशी की ही साधने जुन्या माहितीवर शिकतात, आणि जुन्या माहितीत कोरड्या बोअरची नोंद सर्वांत विरळ आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर निदान आपल्या देशात काही करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडाराचे पोर्टल डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. सरकारी पैशातून घेतलेल्या प्रत्येक बोअरची पूर्ण नोंद त्यावर यावी: तांबे लागलेला असो वा नसो, हाती आलेल्या कोअरचे प्रमाण, बोअरचा कोन, घनता, आर्सेनिक, तपासणीच्या नमुन्यांचे निकाल, सगळे. चिरलेल्या कोअरचा उरलेला अर्धा भाग फेकला जाऊ नये, आणि पट्टा लिलावात निघण्याआधी बोली लावणाऱ्यांना तो प्रत्यक्ष पाहता यावा. त्याचबरोबर, पट्टा सोडताना कंपनीने आपण का थांबलो हे लिहून देणे बंधनकारक व्हावे. हा नियम आज केला, तर ठाणेवासनासारख्या ठिकाणी पुढचा बोअर घेणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.